हौस फिटते, नाद सुटतो. मग पॅशनचं काय होतं?

ओसरी:

गेल्या आठवड्यात मुलगी एका अभ्यासक्रमाचा अर्ज भरत बसली होती. नाव, जन्मतारीख, गुण वगैरे पाच मिनिटांत उरकलं. मग एक मोठा चौकोन आला : 'तुमची पॅशन काय आहे? किमान शंभर शब्दांत लिहा.'

"आई, माझी पॅशन काय आहे गं?"

"चित्रं काढतेस की."

"ती आवड."

"मग वाचन?"

"तो छंद. तोही आता कमी झालाय."

"बरं, ते कुलपांचं?"

"त्याला तर तूच वेड म्हणतेस."

(ती कुलपं उघडते. बंद पडलेली, किल्ली हरवलेली, कुणीही दिलेली. घरात एक खोका भरून आहेत.)

सोळा वर्षांच्या मुलीने तीन उत्तरांत तीन शब्द वेगळे करून दाखवले. मी दिवसभर भाषांतरं करते, आणि मलाच पॅशनला शब्द सापडेना. कोशात पाहिलं तर मनोविकार, आवेग, वासना, उत्कट भावना. यातलं काय लिहिणार त्या चौकोनात? 'माझा मनोविकार : छायाचित्रण'?

रात्री पडल्यापडल्या वाटलं की नामांच्या मागे लागून उपयोग नाही, क्रियापदं बघू. आवड नुसती असते. हौस असते, आपण ती भागवतो, मग ती फिटते. छंद जोपासतात. नाद लागतो, वेड लागतं, व्यसन जडतं. इथे कर्ता आपण नाहीच, आपल्याला काहीतरी येऊन चिकटतं. ध्यास मात्र लागतोही आणि घेताही येतो. 'नाद घेतला' कुणी म्हणत नाही. 'वेड घेतलं' म्हणतात, पण मग थेट पेडगावलाच जावं लागतं.

तर पॅशन म्हणजे ध्यास का? की या सगळ्यांची मिसळण? तुम्ही काय म्हणता?

निवांत:

फिटते ती हौस, फिटत नाही ती पॅशन. धागा संपला, दिवे मालवा.

शब्दवेल:

दिवे राहू द्या थोडा वेळ.

ओसरीताई, क्रियापदांची युक्ती झकास आहे, पण छंदही लागतोच की. 'त्याला कसला छंद लागलाय कोण जाणे' हे वाक्य कौतुकाचं नसतं. संस्कृतात छंद म्हणजे मुळात इच्छा, मनाचा कल. स्वच्छंद, छांदिष्ट हे त्यातूनच आले. शाळेच्या वहीत 'माझा छंद' असा निबंध लिहायला लागलो आणि तो शब्द इस्त्री केल्यासारखा सपाट झाला.

आता पॅशन. मूळ लॅटिन धातूचा अर्थ आहे सोसणे. म्हणून येशूच्या अखेरच्या यातनांना पॅशन म्हणतात. आजाऱ्याला पेशंट म्हणतात तेही त्याच धातूमुळे : जो सोसतो तो. जर्मन भाषेत पॅशनला लायडेनशाफ्ट म्हणतात, तिथेही 'लायडेन' म्हणजे सोसणंच. म्हणजे या शब्दात आनंद नंतर शिरला, आधी दुखणं होतं.

आपल्याकडची वाट वेगळी आहे. संस्कृतात यासाठी शब्द आहे राग. रञ्ज् धातू, रंगवणे, माखणे. रंग, रंजन, अनुराग ही सगळी त्याचीच भावंडं. विराग म्हणजे तो रंग उतरणं. योगसूत्रांत क्लेश पाच सांगितलेत, त्यांत राग आहे, आणि त्याची व्याख्या आहे 'सुखानुशयी रागः'. एकदा सुख मिळालं की मन त्याच्या मागे मागे जातं, तो राग. मराठीत याच शब्दाचा संताप झाला, पण मूळ अर्थ क्रियापदात जिवंत राहिला. आपण म्हणतोच ना, 'तो कामात अगदी रंगून गेला होता'? पॅशनेटचं याहून चांगलं मराठी मला तरी माहीत नाही.

अवांतर : हौस हा शब्द अरबी 'हवस'वरून आला. तोच हिंदीत जाऊन वासना झाला आणि मराठीत येऊन निरागस. उलट व्यसनाचं. भर्तृहरीने थोरांच्या स्वभावाची लक्षणं सांगताना 'व्यसनं श्रुतौ' म्हटलंय, म्हणजे विद्येचं व्यसन, आणि ते कौतुकाने. मराठीत ते बिचारं बाटलीत अडकून पडलं.

ओसरी:

सोसणे! मला हाच तुकडा हवा होता. आवडीसाठी आपण वेळ काढतो, 'आवड असली की सवड मिळते' म्हणतातच. पण आवडीसाठी सोसत कुणी नाही. सोसायची वेळ आली की आवड दुसरीकडे वळते.

टिकटिक:

सहसा वाचनमात्र असतो, आज लिहितो.

मी लंबकाची जुनी घड्याळं दुरुस्त करतो. धंदा नाही, संध्याकाळचा उद्योग. लोक म्हणतात, काय छान छंद आहे, मन रमत असेल. खरं सांगू? मन रमणं वगैरे महिन्यातून दोनदा. बाकी वेळ चिडचिड.

मागच्या वर्षी एक घड्याळ आलं. उघडून धुतलं, घासलेली भोकं नीट केली, सुईच्या टोकाने एकेक थेंब तेल सोडलं, बंद केलं. चालू झालं. पण आवाज लंगडा. टिक-टक, टिक... टक. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं नसलं की घड्याळ तासाभरात नाहीतर दिवसाभरात थांबतंच. त्यासाठी आत लंबकाला ढकलणारी एक बारीक तार असते, ती केसभर वाकवायची. डावीकडे वाकवली, जास्त झाली. उजवीकडे, कमी पडली. असं अकरा दिवस. रात्री अंथरुणावर पडलो तरी कानात लंगडा ठोका. बायको म्हणाली, "ते तरी बंद करा नाहीतर तुम्ही तरी बंद व्हा."

बाराव्या दिवशी जमलं. टिक-टक-टिक-टक. आनंद किती टिकला म्हणाल? पाच-सात मिनिटं. मग पुढचं घड्याळ टेबलावर घेतलं.

त्या अकरा दिवसांत मला एकदाही मजा आली नाही. पण 'सोडून दे' असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो. याला कुठला शब्द लावायचा, ते तुम्ही ठरवा.

निवांत:

टिकटिकराव, मी दिवे मालवायचं म्हटलं ते मागे घेतो.

सरळरेघ:

मला या शब्दाचा वीट आलाय, म्हणून थोडा विरोधी सूर.

नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत 'पॅशनेट' माणूस हवा असतो. कुशल चालत नाही, पॅशनेट लागतो. त्याचा अर्थ कामावर रुजू झाल्यावर कळतो : शनिवारी बोलावलं तर हो म्हणायचं, जादा कामाचे पैसे मागायचे नाहीत. माझ्या एका जुन्या साहेबांनी मला सुट्टी नाकारताना 'मला वाटलं होतं तुला या कामाची पॅशन आहे' असं म्हटलं होतं. हे वाक्य मी विसरणार नाही.

आणि हा निव्वळ माझा कडवटपणा नव्हे. मानसशास्त्रज्ञ एरन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं यावर संशोधन आहे, 2020 साली छापून आलेलं. एखाद्याला कामाची पॅशन आहे असं सांगितलं, की त्याच्याकडून विनामोबदला जास्तीचं काम किंवा कामाशी संबंध नसलेली हलकी कामं करून घेणं लोकांना अधिक रास्त वाटतं. 'त्याला आवडतंच की, त्याने फुकटही केलं असतं' ही त्यामागची समजूत.

तेव्हा सोसणे हा अर्थ मला पटतो, फक्त सोसायला लावणारे दुसरेच असतात.

ओसरी:

सरळरेघ, साहेब पॅशन मागतात तेव्हा त्यांना निष्ठा हवी असते असं मला वाटतं. निष्ठा कुणाशी तरी असते, पॅशन कशाची तरी. टिकटिक यांना त्या घड्याळाच्या मालकाशी काही देणंघेणं नसावं.

टिकटिक:

मालकाचं नाव आठवत नाही. घड्याळ आठवतं.

धावतीवाट:

माझा अनुभव जरा अंधाऱ्या बाजूचा.

मी धावायचो. आधी आवड म्हणून, मग सगळे 'याची पॅशन बघा' म्हणायला लागले. तिसऱ्या वर्षी नडगीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, हाडाला बारीक चीर आहे, सहा आठवडे पळायचं नाही. मी दहाव्या दिवशी पहाटे चारला उठून, बूट हातात घेऊन, दार न वाजवता बाहेर पडलो. पायाला पट्टी बांधून. बाहेर पडताना मला धावावंसं वाटत नव्हतं! हेच सांगायचंय. धावावंसं वाटत नव्हतं, पण न धावता घरात थांबणं सहन होत नव्हतं. दोन किलोमीटरवर बसलो रस्त्याच्या कडेला. पुढचे चार महिने गेले.

नंतर वाचताना माँट्रियलचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड यांचं काम सापडलं. त्यांनी 2003 मध्ये पॅशनचे दोन प्रकार मांडले. एक सुसंवादी : ती गोष्ट आयुष्यात मोठी असते, पण बाकीच्यांना जागा ठेवते. दुसरी ग्रासणारी : तिच्यावर आपली स्वतःची किंमत टांगलेली असते, त्यामुळे ती बोलावते तेव्हा जावंच लागतं. त्यांनी तिकडच्या हौशी सायकलवाल्यांना तपासलं. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ असतानाही सायकल काढणाऱ्यांमध्ये दुसऱ्या प्रकारची पॅशन जास्त निघाली. बाकीच्यांनी सायकल ठेवून दिली होती आणि वसंताची वाट बघत होते. प्रेम दोघांचंही होतं.

तेव्हा निवांत, 'फिटत नाही ती पॅशन' एवढ्याने भागत नाही. व्यसनही फिटत नाही. मी त्या पहाटे काय करत होतो, त्याला मी आज पॅशन म्हणणार नाही.

शब्दवेल:

फार प्रामाणिक लिहिलंत.

'धावावंसं वाटत नव्हतं पण थांबवत नव्हतं' याला मेंदूतही आधार आहे. आवडणं आणि हवंहवंसं वाटणं ही दोन वेगळी यंत्रं आहेत. केंट बेरिज यांनी 1989 मध्ये उंदरांवर प्रयोग केले. मेंदूतलं डोपामिन हे रसायन जवळजवळ संपवलेले उंदीर अन्नाकडे जायचेच नाहीत, समोर ठेवलं तरी. पण जिभेवर गोड थेंब सोडला की ओठ चाटायचे, नेहमीच्या उंदरांसारखेच. म्हणजे चव आवडत होती, फक्त 'हवं' उरलं नव्हतं. व्यसनात याच्या उलट होतं : आवडणं ओसरतं आणि हवं मात्र वाढत जातं. कुणाही जुन्या सिगारेटवाल्याला विचारा, तो सांगेल की शेवटची चांगली लागलेली सिगारेट कधीची ते आठवत नाही.

निवांत:

मग टिकटिक आणि धावतीवाट यांच्यात फरक काय? दोघांनाही मजा येत नव्हती, दोघांनाही सोडवत नव्हतं. मुद्दाम खवचटपणे विचारतोय असं नाही, खरंच कळत नाहीये.

टिकटिक:

हा प्रश्न मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरलो.

मला वाटतं, मला घड्याळ नीट व्हायला हवं होतं. मी नाही. ते दुसऱ्या कुणी तार वाकवून नीट केलं असतं तर मला क्षणभर हेवा वाटला असता, पण आधी मी विचारलं असतं, कसं केलंत? धावतीवाट यांच्या जागी दुसरं कुणी पळून आलं असतं तर त्यांना काय उपयोग? पळायचं त्यांनाच होतं, आणि तेही धावण्यासाठी नाही, आतली टोचणी थांबवण्यासाठी.

चुकत असेन तर धावतीवाट यांनी सांगावं.

धावतीवाट:

नाही चुकत. लागलं थोडं, पण नाही चुकत.

गणितवेडी:

टिकटिक यांचं पटलं, आणि एक उदाहरण आठवलं. गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स. 1963 साली, दहा वर्षांचा असताना ग्रंथालयातल्या एका पुस्तकात त्याला फर्माचं शेवटचं प्रमेय दिसलं, शतकानुशतकं कुणाला सिद्ध न करता आलेलं. 1986 पासून सात वर्षं जवळजवळ गुपचूप तो त्यावरच काम करत होता. जून 1993 मध्ये केंब्रिजला जाहीर केलं, जगभर बातम्या झाल्या. आणि मग सिद्धतेत भोक सापडलं. पुढचं वर्षभर सगळ्यांच्या नजरेसमोर तो ते बुजवत बसला होता. सप्टेंबर 1994 मध्ये, रिचर्ड टेलर या आपल्या जुन्या विद्यार्थ्याच्या सोबतीने केलेल्या खटपटीनंतर, वाट सापडली.

हौस असती तर पहिल्या बातम्यांनीच फिटली असती. नुसती महत्त्वाकांक्षा असती तर ते वर्ष निभावणं अवघड होतं, कारण महत्त्वाकांक्षेला लोकांचे डोळे लागतात आणि त्या वर्षी तेच डोळे नकोसे झाले असणार. ओसरीताई, तुमच्या क्रियापदांच्या यादीत मी एक भर घालते : प्रत्येक शब्द कसा संपतो तेही बघा. हौस फिटते, नाद सुटतो, वेड उतरतं, ओढ ओसरते. ध्यासाला असं क्रियापद मला तरी सापडत नाही. 'ध्यास सुटला' कानाला खटकतं. वाइल्सने नंतर सांगितलंय की प्रमेय सुटल्यावर आनंद होताच, पण इतकी वर्षं सोबत असलेलं काहीतरी हरवल्याची हुरहूरही होती. ध्यास संपत नसावा, माणूस त्याला पोरका होत असावा.

सरळरेघ:

हे चांगलंय. पण एक शंका. तुम्ही सगळे पॅशन म्हणजे काहीतरी धगधगतं धरून चालला आहात. मला र. धों. कर्वे आठवतात. संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकी गेली. 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, जवळजवळ एकहाती. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला. 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी हरले. आणि त्यांचं लिखाण वाचा : कोरडं, तर्कशुद्ध, गणिताच्या मास्तरासारखं. आवेश शोधून सापडत नाही. भाषणाच्या व्यासपीठावर मुठी आवळणारे पुष्कळ असतात, त्यांचा आवेश टाळ्यांबरोबर खाली येतो.

म्हणजे पॅशन आणि आवेश यांची गल्लत करू नये. मी शब्दाला कंटाळलोय, गोष्टीला नाही, हे लिहितालिहिता माझ्याच लक्षात आलं.

शब्दवेल:

सरळरेघ, टोपी काढली.

'उत्कट भव्य तेंचि घ्यावें' हे आपण भिंतीवर लावतो, पण उत्कट म्हणजे आरडाओरडा असं समर्थांनीही म्हटलेलं नाही.

पाऊलखूण:

उशिरा आले, सगळं वाचलं. प्रेमातल्या पॅशनबद्दल कुणीच काही बोललं नाही, सगळे घड्याळं आणि प्रमेयं घेऊन बसलेत! :)

शब्दवेल:

तिथेही तोच घोळ आहे. रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी 1986 मध्ये प्रेमाचा त्रिकोण मांडला : जवळीक, पॅशन आणि बांधिलकी. नुसती पॅशन असेल तर तो भुलणं म्हणतो, नुसती बांधिलकी उरली तर पोकळ प्रेम. पण त्याची पॅशन म्हणजे शरीराची ओढ आणि आकर्षण; टिकटिक यांची ती नव्हे. इंग्रजीत एकाच शब्दावर दोन्ही भार आहेत, मराठीत आसक्ती आणि ध्यास असे दोन खांदे मिळाले, आपण सुखी.

पाऊलखूण:

सुखी कसले, मला अजून दोन्हींपैकी काही झालेलं नाही. वय विचारू नका. सगळे म्हणतात 'तुझी पॅशन शोध', जशी काही ती गादीखाली पडलीय.

गणितवेडी:

'शोध' हेच चुकीचं क्रियापद आहे. पॉल ओ'कीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांचा 2018 चा अभ्यास यावरच आहे. पॅशन आधीपासून आत तयार असते, फक्त सापडायची असते, असं मानणारे लोक ती गोष्ट अवघड झाली की लवकर रस गमावतात. त्यांना वाटतं, अवघड जातंय म्हणजे ही आपली नव्हेच. ती हळूहळू वाढते असं मानणारे टिकतात. टिकटिक यांना पहिलं घड्याळ हातात आलं तेव्हा काय वाटलं होतं, विचारा.

टिकटिक:

काही नाही. वडिलांचं बंद पडलं होतं आणि दुरुस्तीला कुणी घेईना. उघडलं, स्प्रिंग उसळून बोट कापलं. तीन महिने कपाटात पडून होतं.

निवांत:

ओसरीताई, मूळ प्रश्न राहिलाच. अर्जाचं काय झालं?

ओसरी:

सांगते. धागा तिलाही वाचायला दिला. म्हणाली, "एवढं सगळं लिहून त्यांना द्यायचं कशाला?"

मला तो जुना प्रयोग आठवला, लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा, 1973 चा. चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना 'काढलंत तर बक्षीस देऊ' असं आधी सांगितलं. पुढे बक्षीस नसताना ती मुलं त्या रंगीत पेनांकडे बाकीच्यांच्या निम्माच वेळ वळली. चौकोनात लिहून गुण मिळवायचे म्हणजे थोडंफार तेच. मी हे तिला सांगितलं नाही, उगाच प्रवचन झालं असतं.

शेवटी तिने पॅशन हा शब्दच टाळला. एका कुलपाबद्दल लिहिलं. आत किल्लीने एकाच वेळी उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या असतात, त्यांतली चौथी गंजून बसली होती. ती तेलाने सुटेना म्हणून आठवडाभर रोज थोडी थोडी हलवली. अजून उघडलेलं नाही. शंभर शब्दांच्या जागी तीनशे वीस झाले. चौकोनात मावेनात म्हणून रात्री साडेअकराला काटछाट करत बसली होती आणि मी 'झोप आता' म्हटल्यावर माझ्यावर खेकसली.

टिकटिक:

तेल कुठलं वापरतेय? घट्ट तेल गंजावर नुसतं बसून राहतं, त्यापेक्षा आधी रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवायला सांगा. आणि चौथी पट्टी एकटी हलवू नये, तिसरीसकट हलवावी. मला कुलपांतलं फार कळत नाही, पण गंज सगळीकडे सारखाच.

ओसरी:

तिला दाखवलं. म्हणाली, "हे कोण आहेत? त्यांना विचार, रॉकेल नसेल तर काय."